खवले मांजराची शिकार आणि तस्करी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीच्या दाट पावसाळी जंगलातले प्राणी म्हटलं की शेकरू आठवतं, धनेश आठवतो, फार तर बिबट्या. खवले मांजर बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. पण त्याची ‘किंमत’ मात्र सगळ्यांना पाठ! शाळांमधल्या कार्यक्रमांत, ग्रामसभेत, कधी एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम असा काही लावलेला नाही. आत्ता, या क्षणी तुमच्या पडवीत खवले मांजर असेल, तर बाकीचं सोडा आणि ‘खवले मांजर समोर आलं तर काय करायचं?’ एवढंच वाचा.

हे नक्की मांजर आहे का?

नाही. ते मुंग्या आणि वाळवी खाणारं, बिनदातांचं, अंगभर खवले असलेलं सस्तन प्राणी आहे. जगात त्याच्या आठ जाती आहेत, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. त्यातल्या दोन भारतात आढळतात: ईशान्येकडे चिनी खवले मांजर आणि बाकी बहुतेक देशात भारतीय खवले मांजर. आपल्याकडे सह्याद्रीत आणि कोकणात आहे ते भारतीय.

गंमत अशी की दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊशी त्याचं जवळचं नातं नाही. आजच्या प्राण्यांमध्ये त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल यांचा मांसाहारी गण. म्हणजे ज्याने कुणी हे नाव ठेवलं, तो अगदीच चुकला नव्हता.

मग दिसत का नाही?

ते मुख्यतः निशाचर आहे आणि एकटं राहतं. दिवसा बिळात गुंडाळी करून झोपतं, आणि बीळ वापरात असताना त्याचं तोंड अनेकदा आतून मातीने बंद करून घेतं. तुम्ही त्या बिळावरून चालत जाल आणि तुम्हाला कळणारही नाही.

त्याला घनदाट सदाहरित जंगलच लागतं असं नाही. मुंग्या-वाळवी मुबलक आणि खणता येईल अशी जमीन असली की देवराई, काजूची जुनी बाग, ओढ्याकाठची झाडी, डोंगरउतारावरचं रान यातलं काहीही चालतं. त्यामुळे ‘आमच्याकडे जंगल कुठे आहे?’ म्हणणाऱ्या गावातही ते असू शकतं. शिकाऱ्याला हे ठाऊक असतं, गावाला नसतं.

इतकं चिलखत असून त्याची शिकार सोपी कशी?

चिलखत आहे म्हणूनच.

धोका दिसला की बाकीचे प्राणी पळतात किंवा अंगावर येतात. खवले मांजर जागच्या जागी थांबतं, डोकं पोटाशी घेतं, रुंद शेपूट वरून लपेटतं आणि चेंडू होऊन जातं. गळा, पोट, पायांची आतली बाजू असं मऊ असेल ते सगळं आत जातं, आणि बाहेर राहतात फक्त एकावर एक कौलांसारखे बसलेले खवले. खवल्यांची कड धारदार असते आणि ते आखडून घेताना बोट मध्ये सापडलं तर चांगलंच चिमटतं. बिबट्यासुद्धा त्या चेंडूशी बराच वेळ खटपट करून नाद सोडून देतो. लाखो वर्षं ही युक्ती चालली.

माणसाला मात्र तो चेंडू उघडायची गरजच पडत नाही. तो उचलतो आणि गोणीत टाकतो, बस्स. प्राणी चावत नाही, कारण दात नाहीत. ओरडत नाही, फार तर फुसफुसतो. बंदूक लागत नाही, आवाज होत नाही, एक टॉर्च आणि एक गोणपाट पुरतं. बीळ सापडलं तर कुदळीने खणून किंवा धूर करून बाहेर काढतात. मादीच्या शेपटीला धरून पिल्लू बसलेलं असेल तर दोन जीव एकदम जातात. आणि मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे गेलेली संख्या भरून यायला फार काळ लागतो.

त्याला मारतात तरी कशासाठी?

तीन वेगवेगळ्या कारणांसाठी, आणि त्यांची सरमिसळ केली की उपायही चुकतात.

पहिलं मांस. हा जुना, स्थानिक प्रकार आहे. रानात गेलेल्यांना योगायोगाने सापडलं, खाल्लं. दुसरं खवले. ते वाळवून साठवतात, एखादा मध्यस्थ येऊन गोळा करतो आणि माल देशाबाहेर जातो. तिसरं कारण आपल्याकडे अलीकडे फार बोकाळलं आहे: जिवंत प्राणी. गुप्तधन, ‘पैशांचा पाऊस’, तांत्रिक विधी असल्या गोष्टींसाठी कुणीतरी कोट्यवधी देणार आहे, या आशेवर तो पकडून ठेवतात.

मांसासाठी होणारी शिकार थांबवायला गावातला संवाद बऱ्याच अंशी उपयोगी पडतो. खवल्यांच्या व्यापारासाठी तपासयंत्रणा लागते. तिसऱ्याचं काय करायचं ते पुढच्या उत्तरात.

एका खवले मांजराचे खरंच कोटी रुपये मिळतात का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी थोडी आशा असते.

नाही मिळत. हा धंदा कसा चालतो ते नीट पाहा. एखाद्याला रात्री रस्त्यावर खवले मांजर सापडतं. तो त्याला पिंपात किंवा बंद न्हाणीघरात कोंडतो आणि कुणाला तरी फोन लावतो. तो दुसऱ्याला सांगतो, ‘माल आहे, पार्टी बघ.’ व्हिडिओ मागवला जातो. असा एक व्हिडिओ मी पाहिला आहे. सिमेंटच्या कोब्यावर प्राणी गुंडाळी करून पडलेला, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र, म्हणजे माल ताजा आहे हे कळावं, आणि मागून एकजण काठीने त्याला ढोसत म्हणतो, ‘उघड ना रे, तोंड दाखव.’ हा व्हिडिओ दहा जणांकडे जातो. प्रत्येकजण आपलं कमिशन धरून आकडा वाढवतो. पार्टी कधी मुंबईची असते, कधी हैदराबादची, ती वजन विचारते, उद्या येते म्हणते. उद्या येत नाही.

तोवर इकडे प्राणी काही खात नाही. तो जिवंत वाळवी-मुंग्यांवर जगतो, त्याला दूध-भात, अंडी, खिमा घालून भागत नाही. तहान, भीती, अंगावरच्या जखमा यांनी तो काही दिवसांत मरतो. शेवटी जी ‘पार्टी’ खरोखर येते ती बऱ्याचदा वनविभागाने किंवा पोलिसांनी पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक असते, आणि मोटारसायकलसह सगळे ताब्यात जातात.

या साखळीत शेवटचा खरा ग्राहक बहुतेक वेळा नसतोच. असते ती फक्त किमतीची अफवा. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या भागात खवले मांजराचा सगळ्यात मोठा शत्रू ही अफवाच आहे. त्यामुळे कारवाईच्या बातमीत ‘आंतरराष्ट्रीय बाजारात अमुक कोटी किंमत’ असं छापून येतं तेव्हा चिडचिड होते. अटकेची बातमी वाचून चौघे घाबरत असतील, तर किंमत वाचून चाळीस जण टॉर्च घेऊन निघत असतील. बातमीदार मित्रांना एवढीच विनंती आहे: शिक्षा किती होते ते मोठ्या अक्षरात छापा, किंमत गाळा.

पैशांचा पाऊस पाडायला आणखी कोणते प्राणी वापरतात?

यादी मोठी आहे. मांडूळ, म्हणजे ज्याला लोक दुतोंड्या म्हणतात तो निरुपद्रवी साप. त्याला एकच तोंड असतं, शेपटी बोथट म्हणून तसा भास होतो, आणि तेवढ्या भासावर त्याचा बाजार उभा आहे. अमुक इतक्या नखांचं कासव. दिवाळीच्या आसपास घुबड.

दोन वस्तू तर तुमच्या घरातही असू शकतात. पूजासाहित्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन ‘हत्थाजोडी’ नावाची, जोडलेल्या हातांसारखी दिसणारी मुळी मिळते. ती मुळी नसते, घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. दुसरं ‘इंद्रजाल’. फ्रेम करून दारावर लावतात ती जाळीदार ‘वनस्पती’ म्हणजे समुद्रातले काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखा, तेही प्राणीच, तेही संरक्षित. घोरपड काय आणि प्रवाळ काय, दोन्हींच्या बाबतीत गुन्हा तोच, खवले मांजराइतकाच गंभीर. ज्याने श्रद्धेने फ्रेम लावली त्याला याची कल्पना नसते. म्हणून रागावण्याआधी सांगावं लागतं.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. अशा प्रकरणात कुणी मांत्रिक ‘विधी करून देतो’ म्हणून गळ घालत असेल, तर वन्यजीव कायद्याबरोबर तोही पाहायला पोलिसांना जरूर सांगा.

खवल्यांचं औषध होतं, असं म्हणतात. त्यात तथ्य किती?

खवले केराटिनचे असतात. आपली नखं आणि केस ज्याचे बनतात तेच हे द्रव्य. खवल्यांनी कुठला आजार बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही. कुणाला मूळव्याधीवर, कुणाला दृष्ट लागू नये म्हणून अंगठीत घालायला खवला हवा असतो. त्यांना मी एवढंच सांगतो: नखं कापाल तेव्हा ती जपून ठेवा, गुण तोच.

चीन आणि व्हिएतनाममध्ये पारंपरिक औषधांत खवले वापरण्याची प्रथा जुनी आहे आणि मोठी मागणी तिथूनच आली. चीनने २०२० मध्ये खवले मांजराला सर्वोच्च दर्जाचं संरक्षण दिलं आणि त्या वर्षीच्या अधिकृत औषधसंहितेतल्या कच्च्या औषधांच्या यादीतून खवले वगळले. काही तयार औषधांमधला वापर मात्र त्यामुळे लगेच संपला नाही.

आपल्याकडचे खवले जातात कुठे?

साधारणपणे मध्यस्थांमार्फत ईशान्य भारताकडे, आणि तिथून म्यानमारमार्गे किंवा नेपाळमार्गे चीनकडे. अशा प्रवासात माल अनेक हातांतून जातो आणि पकडला जातो तो बहुधा सगळ्यात खालचा माणूस.

जागतिक व्यापार किती अवाढव्य आहे याची कल्पना यावी म्हणून एकच प्रसंग सांगतो. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका आठवड्याच्या आत दोन कंटेनर पकडले गेले. दोन्ही नायजेरियातून व्हिएतनामकडे निघाले होते. एकात १२.९ टन खवले, दुसऱ्यात १२.७ टन. तिथल्या अधिकाऱ्यांच्या अंदाजाने हे खवले मिळून सुमारे ३८,००० प्राण्यांचे. आशियातल्या जाती विरळ झाल्यावर व्यापाऱ्यांनी आफ्रिकेकडे मोर्चा वळवला, तो असा.

भारतातला आकडा त्यापुढे लहान वाटेल. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांतल्या जप्तींवरून किमान १,२०० खवले मांजरं बेकायदा व्यापारात सापडल्याचं वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारी ‘ट्रॅफिक’ आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी मांडलं आहे. ही फक्त पकडली गेलेली. आणि या जप्तींमध्ये जिवंत प्राण्यांचं प्रमाण बरंच मोठं होतं. वरच्या पिंपाची आणि व्हिडिओची गोष्ट पुन्हा आठवा.

कायदा काय म्हणतो? जामिनावर सुटतातच ना सगळे?

भारतीय आणि चिनी, दोन्ही खवले मांजरं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. शिक्षा किमान तीन वर्षं ते सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. आंतरराष्ट्रीय पातळीवर साईट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट एकमध्ये आठही जाती २०१७ पासून आहेत, म्हणजे त्यांच्या व्यापारी देवघेवीला बंदी.

लोकांच्या डोक्यात ‘शिकार म्हणजे ठार मारणं’ असं असतं. कायद्यात शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. पकडणं, फास लावणं, आमिष दाखवणं, हुसकावणं, जखमी करणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. तेव्हा ‘आम्ही मारलं कुठे, नुसतं ठेवलं होतं’ हा बचाव चालत नाही. उलट असा प्राणी किंवा त्याचा भाग तुमच्या ताब्यात सापडला, तर तो बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. गुन्ह्यात वापरून जप्त झालेलं वाहनही सरकारजमा होतं. गावातल्या पोरांना हे शेवटचं वाक्य नीट समजतं. गाडीचे हप्ते चालू असतात.

जामिनाबद्दलची तक्रार खोटी नाही. खटले वर्षानुवर्षं चालतात, पंच उलटतात, पंचनाम्यात त्रुटी राहतात, खवले नेमके कोणत्या जातीचे हे प्रयोगशाळेकडून सिद्ध होईपर्यंत वेळ जातो. आता डीएनए तपासणीने जात ठरवता येते, हैदराबाद आणि डेहराडूनच्या संस्थांमध्ये ती होते. पण नमुना नीट गोळा करून सीलबंद पाठवणं हे काम वनपाल-वनरक्षकाचं, आणि त्याला ते शिकवणं कुठल्याही नव्या कायद्यापेक्षा जास्त गरजेचं आहे.

आजोबांच्या काळातली खवल्याची अंगठी घरात आहे. काय करू?

विकू नका, कुणाला भेट देऊ नका, फोटो टाकू नका. जुन्या वन्यजीववस्तू जाहीर करायला २००३ मध्ये मुदत दिली होती, ती कधीच संपली. आता मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर वस्तू ठेवणंच बेकायदा आहे. जवळच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्याला स्वतःहून लेखी कळवा आणि सुपूर्द करा, पोचपावती घ्या. वकिलाचा सल्ला घेऊन गेलात तर उत्तमच.

आम्ही फासकी रानडुकरासाठी लावतो. त्यात दुसरं काही अडकलं तर आमचा काय दोष?

डुकरं एका रात्रीत भात झोपवतात, सुरणाचा वाफा उकरून टाकतात, हे मी माझ्या मामाच्या शेतात पाहिलं आहे. शेतकऱ्याचा राग खरा आहे.

पण फासकीला डोळे नसतात. मोटारसायकलच्या क्लच वायरचा तो फास डुक्कर, भेकर, बिबट्या, खवले मांजर आणि शेजाऱ्याचा कुत्रा यांच्यात फरक करत नाही. बिबट्या फासकीत सापडला की तारेने कंबर कापली जाते, आणि तशा अवस्थेतला बिबट्या सोडवायला जाणं हे वनकर्मचाऱ्यांच्या जिवावर बेततं. गावठी बॉम्बचंही तेच, त्यात गुरांचे जबडे फाटतात. फास लावणं हा प्रयत्न म्हणूनच गुन्हा आहे, कोण अडकलं हा नंतरचा प्रश्न. पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते, अर्ज वनविभागाकडे करायचा असतो. रक्कम पुरेशी नसते आणि उशिरा येते, हेही खरं. तरी पंचनामा करून घ्याच.

रानात फासकी दिसली तर? जागेचा फोटो काढा, लोकेशन घ्या, वनरक्षकाला कळवा. जंगलात एक फासकी असली की आसपास आणखी असतात, म्हणून एकट्याने शोधत फिरू नका.

खवले मांजर समोर आलं तर काय करायचं?

ते निरोगी असेल आणि आपल्या वाटेने चाललं असेल तर काहीही करायचं नाही. टॉर्च बंद करा किंवा खाली धरा, कुत्री आवरा, वाट द्या. ते मागच्या पायांवर भार देत, पुढची नखं आत मुडपून, डोलत डोलत चालतं. घाईत नसतं. तुम्हीही नसावं.

विहिरीत, गटारात किंवा घरात अडकलं असेल, जखमी असेल, तर १९२६ या वनविभागाच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. वनविभागाची माणसं येईपर्यंत गर्दी पांगवा. हाताळावंच लागलं तर जाड गोणपाट टाकून अलगद उचला. शेपटीला धरून लटकवायचं नाही. गुंडाळी उघडायचा प्रयत्न करायचा नाही. पाणी तोंडात ओतायचं नाही. आणि कितीही मोह झाला तरी सेल्फी नको. तो फोटो गावाच्या ग्रुपवर गेला की रात्री कोण कुठे टॉर्च घेऊन फिरेल हे तुमच्या हातात राहत नाही.

तस्करीची कुणकुण लागली तर? माझं नाव बाहेर येईल का?

हेरगिरी करायला जाऊ नका. काही उत्साही मंडळी स्वतःच गिऱ्हाईक बनून फोन करतात, भाव ठरवतात, आणि नंतर पोलिसांना सांगतात. यात दोन घोटाळे आहेत. तुमच्या मागणीमुळेच एखादा प्राणी पकडून आणला जाऊ शकतो, आणि मोबाईलच्या नोंदीत तुम्हीही त्या साखळीत दिसता.

ऐकलेली माहिती, गाडीचा क्रमांक, गाव, आलेला व्हिडिओ, एवढं वनविभागाला किंवा केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला द्या. ब्युरोचं पश्चिम विभागाचं कार्यालय नवी मुंबईत आहे. नाव गुप्त ठेवा असं सुरुवातीलाच सांगा. गावातल्याच माणसाबद्दल तक्रार असेल तर थेट स्थानिक कार्यालयाऐवजी हेल्पलाइन किंवा ब्युरो बरा, एवढं व्यावहारिक शहाणपण ठेवायला हरकत नाही. गुन्हा उघड करायला मदत करणाऱ्याला दंडाच्या रकमेतून बक्षीस देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, अशी तरतूदही कायद्यात आहे.

जप्त केलेल्या प्राण्याचं पुढे काय होतं?

तो न्यायालयाच्या दृष्टीने मुद्देमाल असतो, आणि हा मुद्देमाल भुकेला असतो. म्हणून पशुवैद्यकीय तपासणी आणि न्यायालयाची परवानगी या गोष्टी जितक्या लवकर होतील तितकी तो जगण्याची शक्यता जास्त. प्रकृती ठीक असेल तर योग्य अधिवासात शक्य तितक्या लवकर सोडणं हाच चांगला मार्ग.

सोडल्यावर ते जगतं का, हा पुढचा प्रश्न. मध्य प्रदेशात सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या भागात तस्करांकडून सोडवलेल्या खवले मांजरांना खवल्यावर रेडिओ टॅग लावून सोडलं गेलं आणि त्यांचा माग ठेवला गेला. ओडिशात नंदनकानन प्राणिसंग्रहालयात खवले मांजरांचं प्रजनन केंद्र आहे, तिथे पिल्लंही झाली आहेत. पण यावरून ‘मग शेती करूया की याची’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. हा प्राणी बंदिवासात नाजूक, आहार विचित्र, पिल्लू एकच. त्याची कोंबडी होत नाही.

कोविड खवले मांजरामुळे आला ना?

तसं सिद्ध झालेलं नाही. चीनमध्ये तस्करीतून जप्त केलेल्या मलायन खवले मांजरांत कोविडच्या विषाणूशी नातं असलेले विषाणू मिळाले होते, इतकंच. आपल्या रानातल्या प्राण्याला त्यापायी मारू नका.

गावाने मनावर घेतलं तर खरंच फरक पडतो?

कोकणात तर गावाशिवाय गत्यंतर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं जवळजवळ सगळं रान खासगी मालकीचं आहे. कोयना-चांदोलीचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घाटमाथ्यावर, तिथे चौकी आहे, गस्त आहे. खाली उतरलं की एका वनरक्षकाकडे भरमसाठ गावं आणि सातबाऱ्यावर दहा-वीस नावं असलेले डोंगर. तिथे रात्री कोण शिरलं हे फक्त गावच सांगू शकतं.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था खवले मांजरावर गावागावांत काम करते आहे. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी चोरीला जायची तिथे कासव महोत्सव उभा राहिला, तो याच संस्थेच्या कामातून. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात जागतिक खवले मांजर दिनाला, म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी, ‘खवलोत्सव’ झाला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून गावाने ती नाचवली. शहरातल्या एका गृहस्थाने मला विचारलं, ‘म्हणजे आणखी एक अंधश्रद्धाच ना?’ शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी ज्याच्या अंगणात येते, त्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. पालखीत बसलेल्याला गोणीत घालायला हात धजत नाही, हे त्याला कळतं. कायद्याचं कलम पाठ नसलेल्या म्हाताऱ्यालाही कळतं.

पालखी एका दिवसाची असते, हेही मान्य. बाकीचे दिवस चार गोष्टी लागतात: रात्री अनोळखी गाडी आली तर विचारणा, वणवे न लावणं, जुनी देवराई न तोडणं, आणि गावातला जो शिकारी आहे त्याला चोर म्हणून बाहेर न काढता कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावायच्या कामात घेणं. बीळ कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आम्ही मुंबई-पुण्यात राहतो. आमचा काय संबंध?

शनिवार-रविवारी रिसॉर्टवर ‘साहेब, स्पेशल रानातलं आहे’ असं कुणी कानात सांगितलं की संबंध सुरू होतो. गोव्यात पहिल्या पावसात बेडूक धरून ‘जंपिंग चिकन’ म्हणून ताटात येतात, तेही बेकायदाच. मागवू नका, आणि मागवणाऱ्या मित्राला टेबलावरच अडवा. खवले मांजराच्या किमतीचा मेसेज ग्रुपवर आला की पुढे पाठवू नका, खाली लिहा: किंमत नाही, तीन ते सात वर्षं आहेत. चाकरमानी असाल तर गणपतीत गावाला जाल तेव्हा हा विषय भजनाच्या आधी काढून बघा. सगळे काहीतरी सांगतात.

माझ्या काजूच्या बागेत मोठं बीळ आहे. बुजवू का?

बुजवू नका. वाळवीने खोड पोखरलेल्या बागेत याच्यापेक्षा चांगला गडी मिळणार नाही, आणि तो मजुरी मागत नाही. एक खवले मांजर रात्रीतून कितीतरी हजार मुंग्या-वाळवी खातं.

आधी ते बीळ त्याचंच का ते पाहा. साळींदराच्या बिळाजवळ काटे पडलेले असतात, कुरतडलेली हाडं असतात. खवले मांजराच्या बिळासमोर ताज्या मातीचा ढीग पसरलेला, आसपासच्या वारुळांना कुणीतरी खुरप्याने ओढावं तसे नखांचे समांतर ओरखडे, आणि मऊ मातीत शेपटी घासत गेल्याची रुंद रेघ. सकाळी बिळाचं तोंड आतून मातीने बंद झालेलं दिसलं, तर आवाज न करता मागे फिरा. आत कुणीतरी झोपलं आहे.